श्वानप्रथमोपचारपेटिका : एक चिकित्सक अभ्यास

विषयप्रवेश

पाळीव कुत्र्यासाठी प्रथमोपचाराची पेटी करणे हे काम वरवर पाहता एका रविवारच्या दुपारचे आणि एका रिकाम्या प्लास्टिकच्या डब्याचे आहे. याच समजुतीमुळे या विषयाची आजवर हेळसांड झाली. डबा कोणता घ्यायचा, तो ठेवायचा कुठे, त्यात काय घालायचे आणि मुख्य म्हणजे काय घालायचे नाही, यांपैकी एकाही प्रश्नावर एका घरातल्या दोन माणसांचे एकमत होत नाही. जिथे एकमत नाही तिथे शास्त्र जन्माला येते. आमच्या घरी ते जन्माला आले आणि सध्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात राहते.

प्रस्तुत निबंधाचा सिद्धान्त आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला पान उलटता येईल. पेटी कुत्र्याला बरे करते, हा भ्रम आहे. कुत्र्याला बरे करतो तो डॉक्टर. कुत्रे जखमी झाल्यापासून ते डॉक्टरच्या टेबलावर चढेपर्यंत घरातली माणसे त्याच्यावर जे प्रयोग करू पाहतात, त्यांना पायबंद घालणे आणि रिकाम्या हातांना एखादे निरुपद्रवी, जमल्यास उपयुक्त काम देणे, हे पेटीचे खरे प्रयोजन होय. पुढील सर्व विवेचन याच कसोटीवर केले आहे.

अभ्यासाचे साधन : मोत्या. जात गावठी, त्यात कुठेतरी लॅब्रॅडोर. वय चार वर्षे, वजन अठ्ठावीस किलो. स्वभाव सोशिक, तथापि संशोधनाला त्याने लेखी संमती दिलेली नाही.

पूर्वसूरी

भारतीय पशुवैद्यकाची परंपरा थोर आहे. घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद. या दोन्ही प्राण्यांवर राजाला बसता येते, हा केवळ योगायोग नसावा. ज्याच्यावर बसता येत नाही, उलट जे आपल्याच खुर्चीवर येऊन बसते, त्याच्या वाट्याला अशी थोर संहिता आली नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला, त्यात कुत्र्यांना जागा दिली. पण ती कुठे, तर राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकीच्या यादीत. त्यामानाने अशोक बरा. गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात त्याने माणसांची आणि पशूंची अशा दोन चिकित्सांची सोय केल्याचे कोरले आहे, आणि औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणून लावल्याचेही. साठा आधी भरून ठेवावा, याविषयीचा हा बहुधा सर्वांत टिकाऊ सरकारी आदेश.

महाभारताच्या आदिपर्वातले एक प्रकरण मात्र विद्वानांनी पार दुर्लक्षिले आहे. पांडवांचे कुत्रे रानात एकलव्याला पाहून भुंकू लागले आणि त्याने त्याच्या तोंडात सात बाण मारून त्याचा आवाज बंद केला. कुत्रे तसेच, बाणांसकट, पांडवांकडे परतले. येथून पुढे सर्व टीकाकार धनुर्विद्येकडे वळतात, मग अर्जुनाच्या मत्सराकडे, मग द्रोणाचार्यांकडे आणि शेवटी अंगठ्याकडे. ते सात बाण काढले कोणी? कुत्र्याला धरले कोणी? एकेक काढले की एकदम? तोंड धुतले कशाने? पाच पांडव आणि त्यांचा लवाजमा हजर असताना यावर कोणी अवाक्षर काढत नाही. आमच्या मते प्रथमोपचाराची पेटी नसलेल्या घराचे याहून अचूक वर्णन वाङ्मयात सापडणार नाही. सगळे जमतात, जो तो बाण कोणी मारला याची चर्चा करतो, आणि कुत्रे मध्ये उभे असते.

संतांच्या काळात परिस्थिती सुधारली. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भक्तीच्या अंगाने तिला तोड नाही. आहारशास्त्राच्या अंगाने मात्र अडचण आहे : फार स्निग्ध खाण्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्यामुळे आजचा पशुवैद्य असता तर तो नामदेवांच्या मागे धावला असता. याउलट तापलेल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथांनी कावडीतली गंगा पाजली, ती कृती आजच्या कोणत्याही पुस्तकाच्या कसोटीवर निर्दोष उतरते.

पाश्चात्त्यांकडे वळावे, तर तिथे निराळाच गोंधळ. प्रथमोपचाराची तयार पेटी अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनने १८८८ साली विकायला काढली, ती रेल्वेच्या कामगारांसाठी. त्याआधीच, १८२० मध्ये, एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने बर्फात सापडलेल्या प्रवाशाला शुद्धीवर आणणारी आल्प्समधली कुत्री रंगवली आणि एकीच्या गळ्यात पिंप अडकवले. सेंट बर्नार्ड म्हटले की गळ्यात ब्रँडी, ही जगाची खात्री त्या चित्रातून पसरली. ही कुत्री पाळणाऱ्या तिथल्या मठात मात्र अशी पिंपे बांधण्याची रीत नव्हती. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसची कुत्री पाठीवरच्या पिशव्यांत मलमपट्टीचे सामान घेऊन जखमी सैनिक शोधत फिरत. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावी घटसर्पावरचे औषध पोचले ते कुत्र्यांनी ओढलेल्या गाड्यांवरून. टोरांटोत १९२१ साली बॅन्टिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन सापडले तेही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. अर्थात माणसाच्या औषधाची पेटी कुत्र्याने गळ्यात, पाठीवर, गाडीवर आणि प्रसंगी स्वतःच्या पोटात वाहिली आहे. त्याच्यावर वेळ येते तेव्हा माणूस ड्रॉवर उघडतो आणि म्हणतो, “हे बघ, अर्धी क्रोसिन आहे इथे.”

घरातले संप्रदाय

ही अर्धी गोळी हा एक स्वतंत्र संप्रदाय आहे, पण त्याकडे क्रमाने येऊ.

पहिला हळद-संप्रदाय. याच्या आचार्य आमच्या मातोश्री. मोत्याचा पंजा फुटक्या बाटलीने कापला तेव्हा त्यांनी एका वाक्यात शास्त्रार्थ संपवला : “अरे, आधी हळद दाब, मग त्या मोबाइलात काय बघायचं ते बघ.” हळदीच्या गुणांविषयी आम्हास नितान्त आदर आहे. परंतु डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि केस व रक्त यांच्यात कालवल्यावर तिचा जो लगदा होतो तो धुऊन काढल्याशिवाय जखम किती खोल आहे हे डॉक्टरला दिसत नाही. शिवाय काच आत राहिली असेल तर तीही हळदीखाली सुखाने झोपते. पंजाचा पिवळेपणा आठवड्यात गेला. सोफ्याचा अजून अभ्यासाधीन आहे.

दुसरा चाटू-दे-संप्रदाय, प्रणेते वडील. “जनावराच्या जिभेतच औषध असतं. रानात कोण पट्टी बांधतं त्यांना?” रानात ती मरतात, हे उत्तर आम्ही वयाचा मान राखून दिले नाही. कुत्र्याच्या लाळेत किंचित जंतुनाशक गुण आहेत, हे खरे. पण त्याच जिभेने मोत्याने सकाळी कचराकुंडीचा जो समग्र अभ्यास केलेला असतो, तो सर्व जखमेत उतरतो. सतत चाटल्याने जखम ओली राहते, चिघळते, टाके असतील तर उसवतात. यावर उपाय म्हणून गळ्यात जो प्लास्टिकचा शंकू घालतात त्याला इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या झालरीच्या गळपट्ट्यावरून एलिझाबेथन कॉलर म्हणतात. आमच्या घरी त्याला कर्णा म्हणतात. कर्णा पेटीत मावत नाही. तो पेटीच्या वर, टोपीसारखा ठेवावा.

तिसरा रॉकेल-संप्रदाय. हा प्रामुख्याने सोसायटीच्या फाटकाशी भरतो. गोचीड असो, खरूज असो की जखमेत पडलेल्या अळ्या असोत, उत्तर रॉकेल. ते नसेल तर फिनेल. रॉकेलने कातडी भाजते, आणि कुत्रे ते चाटणार हे ठरलेलेच, म्हणजे पोटातही जाते. फिनेलची गतही तीच. जखमेत अळ्या दिसल्या तर घरी धाडस न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण वर चार दिसतात तेव्हा आत किती आहेत याची मोजदाद घरच्या बॅटरीच्या उजेडात होत नाही.

आता अर्धी गोळी. याचे प्रवर्तक काका. त्यांचे गणित स्वच्छ आहे : माणसाला एक, कुत्र्याला अर्धी, पग असेल तर पाव. हे गणित कुत्रे म्हणजे लहान आकाराचा माणूस या गृहीतावर उभे आहे आणि ते गृहीतच खोटे आहे. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झाले तर यकृत आणि तांबड्या पेशी दोन्हींवर घाला येतो. डायक्लोफिनॅकबद्दल तर वेगळे सांगायला नको. ते दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन या देशातली गिधाडे इतकी मेली की २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणावी लागली. एका गोळीने आभाळ रिकामे होऊ शकते, हे माहीत असताना “अर्ध्या गोळीनं काय होतंय” असे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालणे कठीण असते, विशेषतः तो काका असेल तर. म्हणून आमच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : माणसांच्या गोळ्या नाहीत. अर्धीही नाही. शेवटचे दोन शब्द काकांना उद्देशून आहेत.

पाचवा नाक-संप्रदाय सौम्य आणि लोकप्रिय. नाक गार तर कुत्रे ठणठणीत, नाक गरम तर ताप. उन्हात झोपून उठलेल्या निरोगी कुत्र्याचे नाक गरम आणि कोरडे असते, आणि तापाने फणफणलेले कुत्रे नुकतेच पाणी पिऊन आले असेल तर त्याचे नाक गारच लागते. तेव्हा हा संप्रदाय सोडून थर्मामीटरकडे वळणे भाग आहे.

थर्मामीटर आणि त्याचे स्वामित्व

कुत्र्याचा ताप गुदद्वारातून मोजतात. या एका वाक्यामुळे घरात दोन थर्मामीटर असणे अपरिहार्य ठरते, आणि ते दोन एकमेकांपासून कोणत्याही परिस्थितीत, अंधारातसुद्धा, ओळखू येणे त्याहून अपरिहार्य ठरते. खुणेसाठी कागदी चिठ्ठी चालणार नाही, ती सुटते. आमच्या पत्नीने कुत्र्याच्या थर्मामीटरला लाल नेलपॉलिशचे दोन पट्टे ओढले. त्यानंतर काही दिवस घरातल्या कोणालाही ताप आला नाही, किंवा आला तरी त्याने तो सांगितला नाही.

काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर नको, डिजिटल घ्यावा, कुत्रे बसते. टोकाला जरासे व्हॅसलीन. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. हा आकडा झाकणावर लिहून ठेवला नाही तर काय होते, याची कल्पना करावी : रात्री अकराला कोणीतरी १०१.८ वाचतो, “बापरे!” म्हणतो, आणि निरोगी कुत्र्याच्या कपाळावर मीठपाण्याच्या पट्ट्या सुरू होतात. १०४ च्या पुढे मात्र खरोखर घाई करायची. एप्रिल-मेच्या दुपारी फिरवून आणलेले कुत्रे, त्यातही पगसारखे चपट्या तोंडाचे, जीभ लांब काढून धापा टाकू लागले, लाळ गळू लागली, पाय लटपटू लागले, की त्याला सावलीत आणून अंगावर साधे गार पाणी ओतायचे, पंखा लावायचा आणि ओल्या कुत्र्यासकट गाडीत बसायचे. बर्फात बुडवायचे नाही. तापमान १०३ च्या आसपास आले की ओतणे थांबवायचे, नाहीतर ते उलट्या दिशेने घसरत जाते. गाडीची सीट ओली होते, याविषयी शास्त्र मौन पाळते.

मेडिकलमधील शास्त्रार्थ

पेटीचे सामान आणायला लेखक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेला असता पुढील संवाद झाला. तो येथे तपशिलाने देत आहोत, कारण अशा पेटीची सामाजिक बाजू त्यातून उलगडते.

“सलाईनची बाटली, गॉजचा रोल, चार इंची क्रेप बँडेज आणि वीस एमएलची सिरिंज द्या. सुई नको.”

“पेशंट कोण आहे?”

“घरचाच.”

“वय?”

“चार.”

दुकानदाराचा चेहरा मऊ झाला. “अरेरे. वजन किती आहे बाळाचं?”

“अठ्ठावीस किलो.”

बराच वेळ शांतता. मग समजुतीच्या स्वरात : “साहेब, राग मानू नका, पण बिस्किटं बंद करा त्याची.”

“तेच डॉक्टरही म्हणाले.”

“आणि खेळायला पाठवत जा बाहेर.”

“जातो ना. परवा मांजरामागे धावला, तेव्हाच पायाला लागलं.”

येथे मागच्या रांगेतल्या बाईंनी आपली पिशवी किंचित जवळ ओढली. खुलासा झाल्यावर दुकानदार मनापासून हसला आणि त्याने लगेच, स्वतःहून, जखमेवर हळद सुचवली.

द्रव्यनिश्चय

सलाईन आणि सिरिंज जखम धुण्यासाठी. धार मारून धुतले की माती, केस, काचेचा चुरा निघून येतो. यानंतर पोव्हिडोन आयोडीन, बोलीत बीटाडीन, पाण्यात घालून पातळ चहाच्या रंगाचे करून घ्यायचे. डेटॉल नको, स्पिरिट उघड्या जखमेवर नको, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहायला मौज वाटते म्हणून तोही नको. कापूस जखमेवर थेट ठेवू नये; त्याचे तंतू चिकटून बसतात. गॉज ठेवावा. चिकटपट्टी म्हणजे बँडएड कुत्र्याच्या बाबतीत सर्वस्वी निरुपयोगी : ती केसांना चिकटते, जखमेला चिकटत नाही, आणि काढताना कुत्र्याचा तुमच्यावरचा विश्वास घेऊन निघते. स्वतःलाच चिकटणारी पट्टी मिळते, ती घ्यावी. बांधल्यावर खाली दोन बोटे सरकली पाहिजेत. पट्टीखालची पंजाची बोटे सुजली किंवा गार पडली तर पट्टी आवळली आहे असे समजावे.

रक्त वाहत असेल तर गॉजची घडी ठेवून दाबायचे. किमान तीन मिनिटे, सलग, मध्ये उचलून न पाहता. या शेवटच्या तीन शब्दांत संपूर्ण अवघडपण साठले आहे. बघितल्याशिवाय राहवत नाही; आणि दर अर्ध्या मिनिटाने “थांबलं का बघू” म्हणून उचलले की नुकती धरलेली गुठळी गॉजबरोबर निघून येते. आमच्या घरी हे काम आईकडे दिले आहे. कारण साधे आहे : दोन्ही हात दाबण्यात गुंतले की हळदीचा डबा उघडता येत नाही. सिद्धान्त येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो. कान फाटला असेल तर तो डोक्याला सपाट बांधून टाकावा, नाहीतर कुत्रे मान झटकते आणि भिंतीवर, पडद्यावर, कॅलेंडरवर जे चित्र उमटते ते पाहून शेजारी पोलिसांना बोलावतात. जखम मात्र अर्ध्या इंचाची निघते.

नख कापताना आतली रक्तवाहिनी तुटली तर तुरटीची पूड, तीही नसेल तर मक्याचे पीठ दाबायचे. मक्याचे पीठ स्वयंपाकघरातून येत असल्याने मातोश्रींची या परिच्छेदाला मान्यता आहे.

आता मुसके. सर्वांत दुर्लक्षित, सर्वांत आधी लागणारी वस्तू. “आपला मोत्या चावणार? शक्यच नाही!” हे वाक्य उच्चारणाऱ्यांत दवाखान्यात दोन्ही हातांना पट्ट्या बांधून घेणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असावे. दुखणाऱ्या जागी हात लागला की सगळ्यात गरीब कुत्रेही चावते. त्यात रागाचा भाग नसतो. गॉजच्या लांब पट्टीचा फास नाकाडावर घालायचा, टोके हनुवटीखाली एकमेकांवरून न्यायची आणि कानांमागे गाठ मारायची. उलटी होत असेल, श्वास लागत असेल किंवा उन्हाने तापले असेल तर मुसके बांधायचे नाही. पगला ते बांधताच येत नाही, कारण बांधायला नाकाड नसते. त्याच्या मानेभोवती टॉवेल धरावा. चावलेच, तर माणसाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि डॉक्टरकडे जायचे, कुत्रे घरचे आणि लस टोचलेले असले तरी. लुई पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली, तिथून आजपर्यंत रोग सुरू होण्याआधी गाठणे हाच त्यावर मार्ग आहे. म्हणून कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स पेटीत पाहिजेच. झेरॉक्सच, मूळ कार्ड चघळले जाते.

गोचिडांसाठी बारीक टोकाचा चिमटा किंवा खास आकडा. कातडीला अगदी लगत धरून सरळ, सावकाश ओढायचे. पेटती काडी लावणे, तेल ओतणे, बोटांनी चिरडणे, हे तिन्ही छंद वर्ज्य. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. यासाठी स्पिरिटला पेटीत प्रवेश दिला आहे, जखमेसाठी नव्हे. गोचिडांतून येणारा ताप महाराष्ट्रातल्या कुत्र्यांना छळणारे मोठे दुखणे आहे, आणि गोचीड बसतात ते नेमके आपण कुरवाळत नाही तिथे : कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याच्या खाली.

विषबाधेसाठी पेटीत औषध नाही; कागद आणि पेन आहे. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे लिहायचे आणि रिकामे वेष्टण बरोबर घेऊन निघायचे. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन कुत्र्याला सोसत नाही. चॉकलेट जितके काळे तितके वाईट. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात. साखरविरहित च्युइंगमातल्या झायलिटॉलने रक्तातली साखर धाडकन उतरते. द्राक्षे आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवशाचा हिशेब नाही. तासगावच्या पाहुण्यांनी प्रेमाने आणलेली बेदाण्याची पिशवी म्हणून आमच्याकडे माळ्यावर असते. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजण्याची जी घरगुती विद्या आहे, तिने विषावर मिठाच्या विषाची भर पडते. रॉकेल किंवा ॲसिड गिळले असेल तर उलटी करवणे आणखी घातक, कारण ॲसिडने जाताना भाजले तेच येताना पुन्हा भाजते, आणि रॉकेल येताना फुप्फुसांत शिरू शकते. इथे फोन हेच औषध. डॉक्टरचा नंबर, आणि रात्री उघड्या असणाऱ्या जनावरांच्या दवाखान्याचा नंबर, झाकणावर. मोबाइलमध्ये नव्हे, कारण ज्याच्या मोबाइलमध्ये असतो तो त्या वेळी बाहेरगावी असतो.

मोठ्या छातीच्या कुत्र्याचे, ग्रेट डेन किंवा जर्मन शेफर्डचे, जेवणानंतर पोट टम्म फुगले आणि ते ओकायला पाहते पण काही पडत नाही, तर पेटी उघडूच नये. गाडी काढावी.

मांजर

ही पेटी मांजराला लागू नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. बाकी मांजराला प्रथमोपचार कसा करावा, हा प्रश्न आधी ते सापडते का, या प्रश्नात विलीन होतो.

पेटीचे बाह्यांग

पेटीवर लाल अधिक चिन्ह रंगवण्याचा मोह आवरावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लाल क्रॉस हे कायद्याने राखून ठेवलेले चिन्ह आहे; भारतात १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्ट ते परवानगीवाचून वापरू देत नाही. मोत्यासाठी जिनिव्हाशी वैर पत्करणे आम्हास परवडणारे नाही. हिरव्यावर पांढरे चिन्ह चालते. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग वेगळे दिसतात, तांबडा-हिरवा भेद नीट कळत नाही, तेव्हा हा सगळा वाद त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. आमची पेटी निळी आहे. ती त्याला लांबूनही ओळखू येते, आणि इथेच शेवटचा पेच उभा राहतो.

इव्हान पावलॉव्हला १९०४ साली पचनसंस्थेवरच्या कामासाठी नोबेल मिळाले, ते ज्या कुत्र्यांमुळे, त्यांनी त्याला आणखी एक गोष्ट शिकवली : नेहमी जे आवाजापाठोपाठ घडते ते कुत्रे आवाजातच ओळखते. मोत्याच्या बाबतीत पेटीच्या खटक्याचा आवाज म्हणजे बीटाडीन. शोकेसचे दार सरकले की तो पलंगाखाली, भिंतीला टेकून, कोणाचाही हात पोचणार नाही अशा कोनात. तिथून त्याला बाहेर काढताना मूळ जखमेपेक्षा मोठी जखम होते, बहुतेक वेळा काकांना.

उपाय शास्त्रातच आहे. रोज संध्याकाळी पेटी विनाकारण उघडायची, आत हात घालायचा, बिस्किट काढून द्यायचे, पंजा हातात घ्यायचा, कान उलटून पाहायचा, आणखी एक बिस्किट, झाकण बंद. काही आठवड्यांत फरक पडला. आता खटका वाजला की मोत्या पलंगाखालून नव्हे, गॅलरीतून, स्वयंपाकघरातून, जिन्यावरूनसुद्धा धावत येतो आणि न मागता पंजा पुढे करतो. कधी उजवा, कधी डावा. कोणता दुखतो आहे यावर त्याचा आग्रह नसतो. वडिलांना संशय आहे की तो शोकेसपाशी मुद्दाम लंगडतो.

पेटीच्या साठ्याची वही पत्नी ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुदत संपलेले काढायचे आणि संपलेले आणायचे, असा नियम आहे. या महिन्याची नोंद : सलाईन शिल्लक, गॉज शिल्लक, क्रेप बँडेज न उघडलेले, बीटाडीन पाऊण बाटली, चिमटा एक, थर्मामीटर (पट्ट्यांचा) एक, बिस्किटे निरंक.